शक्तिमान ट्रकसाठी रबाळ्याची कार्यशाळा : दीड वर्षाचा अनुभव

रबाळे औद्योगिक वसाहतीतील ज्या कार्यशाळेविषयी हे लिहीत आहे, तिच्या दारावर नावाची पाटी नाही. भूखंडाचा क्रमांक आणि त्याखाली खडूने लिहिलेले ‘हॉर्न वाजवू नये, आत यावे’ एवढेच आहे. क्रेन आणि डंपर यांची दुरुस्ती हा तिचा मुख्य व्यवसाय. जुन्या लष्करी गाड्या मालक आवडीखातर घेतात, त्याही एका वेळी दोनच. नाव छापू नये अशी त्यांनी विनंती केली असल्यामुळे मी ते देत नाही. ठाणे आणि नवी मुंबई परिसरात ज्यांच्याकडे शक्तिमान, निस्सान किंवा युद्धकाळातली शेव्हर्ले आहे, त्यांना दोन फोन केले की पत्ता मिळेल. इतरांना निदान अशा गाडीचे काम कोणाकडे सोपवावे आणि सोपवण्यापूर्वी काय विचारावे, याचा अंदाज यावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचा शक्तिमान १९८३ चा आहे. ठाण्यातील आम्हा तिघा मित्रांनी तो मुरबाडकडच्या एका खडी कंत्राटदाराकडून घेतला. कंत्राटदाराने तो सैन्याच्या लिलावातून उचलला होता, पंधरा-सोळा वर्षे खाणीत राबवला होता आणि शेवटी शेडच्या मागे निलगिरीच्या झाडाखाली उभा करून ठेवला होता. गाडी चालू होती, पण ती कशी चालू होती हे पुढे येईलच. गेल्या वर्षीच्या जून महिन्यात आम्ही ती रबाळ्याला नेली, यंदाच्या मे महिन्यात परत मिळाली, आणि त्यानंतरचा एक पावसाळा धरून सात महिने ती आमच्या हातात आहे. एवढ्या वापरानंतरचे माझे मत असे की, यंत्रकामासाठी या कार्यशाळेकडे डोळे झाकून जावे, विद्युत कामासाठीही जावे, रंगकामासाठी मात्र जाऊ नये. आणि तारखेवर तर मुळीच विसंबू नये.

शक्तिमानविषयी थोडे सांगणे येथे आवश्यक आहे, कारण त्याच्या जन्मकथेतच दुरुस्तीच्या अडचणी दडलेल्या आहेत. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्याखाली १९५९ साली जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यातून पहिला शक्तिमान बाहेर पडला. तेव्हा कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. जबलपूरचा वाहन कारखाना १९६९ मध्ये उभा राहिल्यावर हेच काम तेथे गेले आणि १९९६ पर्यंत चालले. पुढे त्याची जागा अशोक लेलँडच्या स्टॅलियनने आणि टाटाच्या एलपीटीए मालिकेने घेतली, आणि या दोन्ही गाड्यांचे भाग शक्तिमानला बसत नाहीत. जवळजवळ चार दशके मूळ रचना फारशी न बदलल्यामुळे जुन्या गाडीचा भाग नव्या गाडीला बसण्याची शक्यता मोठी, ही सोयीची बाजू. गैरसोय अशी की, ही गाडी मुख्यतः सैन्यासाठीच बनली असल्याने गावोगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत तिचा माल कधी आलाच नाही. जबलपूरचे भंगार व्यापारी, थोडेफार कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरचे जुने दुकानदार आणि ज्यांनी दोन गाड्या घेऊन एक सुटी केली आहे असे हौशी लोक, एवढ्यांवरच सारी भिस्त असते.

म्हणूनच शक्तिमान दारात आला की बहुतेक गॅरेजवाले पहिला सल्ला देतात तो इंजिन बदलण्याचा. लेलँडचे किंवा टाटाचे जुने इंजिन बसवा, भाग कोठेही मिळतील, डोक्याला ताप नाही. व्यवहार म्हणून या सल्ल्यात खोट नाही, आणि अशी इंजिने बदललेल्या तीन गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत. परंतु जतन करण्यासाठी घेतलेल्या गाडीच्या बाबतीत त्याचा अर्थ बॉनेटखालचा शक्तिमान काढून टाकून बाहेरचा पत्रा सांभाळणे असा होतो. रबाळ्याच्या कार्यशाळेने हा विषय काढलाच नाही. तेथील मुख्य मिस्त्री सैन्याच्या ईएमई, म्हणजे वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे गृहस्थ आहेत. मालकांपासून चहावाल्या मुलापर्यंत सगळे त्यांना हवालदारसाहेब म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी तासभर पान्याला हातसुद्धा लावला नाही. आदल्या संध्याकाळी आणून ठेवलेले, पूर्ण थंड झालेले इंजिन त्यांनी आम्हाला सुरू करायला लावले, एक्झॉस्टपाशी पांढरा रुमाल धरला, मग उजव्या बाजूला येऊन मान तिरकी करून नुसते ऐकत राहिले. पांढरा धूर पाहून आमच्यातील एकाने हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाखालचे पॅकिंग, गेल्याची शंका बोलून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, इंजिन थंड असताना हा धूर सोडणारच, तो त्याचा स्वभाव आहे. पण ही खडखड ऐकताय ना? मॅनचं इंजिन असं बोलत नाही.”

या वाक्याचा अर्थ समजायचा तर इंजिनाची रचना पाहावी लागते. शक्तिमानचे सहा सिलिंडरचे ५.८८ लिटर डिझेल इंजिन मॅनच्या ‘एम’ पद्धतीचे आहे. ही पद्धत कंपनीचे अभियंता सिगफ्रीड मॉयरर यांनी १९५० च्या दशकात विकसित केली. नेहमीच्या डिझेल इंजिनात इंधन बारीक तुषारांच्या रूपाने गरम हवेत फवारले जाते आणि एकदम पेट घेते. डिझेलची ओळखीची खडखड या एकदम पेटण्यातून येते. एम पद्धतीत पिस्टनच्या माथ्यात चेंडूसारखी गोल पोकळी असते आणि नोझल, म्हणजे इंधन फवारणारी तोटी, इंधनाचा बहुतेक भाग या पोकळीच्या तापलेल्या भिंतीवर पातळ थरासारखा पसरवते. भिंतीवरून त्याची वाफ होत जाते, पोकळीत भोवऱ्यासारखी फिरणारी हवा ती वाफ उचलते, आणि ज्वलन टप्प्याटप्प्याने होते. त्यामुळे दाब हळूहळू चढतो, आवाज इतका कमी येतो की जर्मनीत या इंजिनाला ‘कुजबुजणारे’ म्हणत, आणि एकाच इंजिनात निरनिराळी इंधने चालवणेही सोपे जाते. सैन्याला याचे महत्त्व किती, हे वेगळे सांगायला नको. भिंत गार असताना मात्र वाफ नीट होत नाही, अर्धवट जळलेले इंधन पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते, आणि इंजिन तापले की तो धूर आपोआप थांबतो. म्हणजे ज्या धुराला आम्ही घाबरत होतो तो निर्दोष होता, आणि ज्या आवाजाला ‘डिझेलच आहे, आवाज होणारच’ म्हणून सोडून दिले होते तोच खरा रोग होता.

रोगाचे कारण दुसऱ्या दिवशी टेबलावर आले. हवालदारसाहेबांनी सहाही नोझले काढून एका ताटात ओळीने मांडली आणि भिंग माझ्या हातात दिले. मूळ प्रकारच्या नोझलला टोकाशी एक किंवा दोन छिद्रे असतात, तीही एका बाजूला रोखलेली, कारण त्यांना भिंतच रंगवायची असते. आमच्या गाडीत मात्र चार छिद्रांची, चारही दिशांना फवारणारी, दुसऱ्याच कोणत्या तरी ट्रकची नोझले होती. हे काम ठाण्यातील एका गॅरेजने आम्ही गाडी घेतल्यानंतर पहिल्याच महिन्यात केले होते. ‘पंप-नोझल नवीन केले’ या एका ओळीपुढे चांगली रक्कम लावलेले त्यांचे बिल माझ्याकडे आहे. त्या गॅरेजमध्ये कोणाची फसवण्याची नियत होती असे मला वाटत नाही. धारकात बसले म्हणून लावले, इंजिन चालू झाले म्हणून गाडी सोडली, एवढाच तो प्रकार. तरी त्यापायी इंजिन दीड वर्ष चुकीच्या पद्धतीने जळत होते.

आता हेड उघडणे भागच होते. येथे या कार्यशाळेचा जो गुण मला सर्वाधिक भावला तो दिसला. हेड निघाल्यावर दोन आणि पाच क्रमांकांच्या पिस्टनमधील पोकळीची कड किंचित झिजलेली आढळली. दुसरा कोणताही मिस्त्री याच क्षणी ‘बोअर करून टाकू, पिस्टन नवे टाकू’ म्हणाला असता, आणि मी घाबरून होकारही दिला असता. यांनी आधी त्या कडांवर लाल रंगाचे भेदक द्रव्य लावले, वीस मिनिटे थांबून पुसले, वर पांढरी पूड मारली आणि तडा असेल तर लाल रेघ कशी उमटते ते समजावले. रेघ उमटली नाही. मग प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी असा सहा ठिकाणी मोजला, आकडे वहीत लिहिले, आणि झीज मर्यादेत आहे, बोअर करायचे नाही, पिस्टन हेच राहतील, फक्त रिंगा, बेअरिंगे आणि गॅस्केट नवी पडतील, असे सांगितले. बोअर म्हणजे धातू कायमचा काढून टाकणे. मोठ्या मापाचे पिस्टन मिळण्याची खात्री नसताना ते करणे म्हणजे पुढच्या दुरुस्तीची वाट बंद करणे, हे त्यांचे म्हणणे. या नकारामुळे कार्यशाळेचे निदान लाखभर रुपयांचे काम बुडाले. ते त्यांनी बुडू दिले.

योग्य नोझले जबलपूरहून यायला सात आठवडे लागले. पंप बाहेरच्या चाचणी-यंत्रावर जुळवून घेतला, सहाही तोंडांतून येणारे इंधन समान करून घेतले, आणि पंप परत बसवून इंधन सोडण्याची वेळ जुळवली. त्यानंतर इंजिन सुरू झाले तेव्हा पहिल्या मिनिटाला पांढरा धूर आला आणि आवाज मात्र इतका मवाळ होता की शेजारच्या शेडमधले वेल्डर उठून पाहायला आले.

चाकांचे काम थोडक्यात आटोपता आले असते, पण ते जिवावरचे असल्याने लिहितो. या गाड्यांची रिम अखंड नसते. टायरची एक बाजू वेगळ्या लॉक रिंगने अडकवलेली असते. रिंग गंजून खाचेत नीट बसलेली नसेल, तर हवा भरताना ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते आणि समोर असलेल्या माणसाला वाचण्याची संधी नसते. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यांना मी अशा चाकावर पाय ठेवून हवा भरताना पाहिलेले आहे. रबाळ्याला जाड सळयांचा पिंजरा आहे, चाक त्यात ठेवल्याशिवाय हवेची नळी जोडत नाहीत, आणि नळीचे टोक आपोआप चिकटून राहणारे असून दाबमापक पिंजऱ्यापासून दहा-बारा फुटांवर आहे. चाक गाडीवरून उतरवण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ देतात. आमच्या दोन रिंगा त्यांनी नापास केल्या आणि कोणी भंगारातून परत वापरू नयेत म्हणून आमच्यासमोर कापल्या. त्याच वेळी तेथे दुसऱ्या महायुद्धातील कॅनडा-बनावटीचा एक शेव्हर्ले ट्रक उभा होता. त्या काळच्या अनेक लष्करी गाड्यांची रिम दोन अर्ध्या थाळ्या नटांनी जोडून केलेली असे, आणि ते जोडनट व चाक बसवण्याचे नट जवळजवळ असल्याने अजाण माणूस हवा भरलेल्या चाकाचे जोडनट सोडण्याचा धोका असतो. ब्रिटिश सैन्यात हे नट लाल रंगवत. येथेही ते लाल रंगवलेले होते, आणि शिकाऊ मुलाला ‘लाल नट’ म्हणताच तो काय करायचे नाही ते घडाघडा सांगत होता.

विद्युत कामातही आधीच्या कोणाचे तरी उपद्व्याप निस्तरावे लागले. शक्तिमानमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. ठाण्यातील एका इलेक्ट्रिशियनने कर्कश हॉर्न, गाण्यांची पेटी आणि मोबाइल चार्जर यांच्यासाठी १२ व्होल्ट हवेत म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढली होती. दिसायला हे सोपे आणि चालायलाही चालते. परंतु एक बॅटरी सतत रिकामी होत राहते, चार्जिंग मात्र दोघींना मिळून एकसारखे होते, त्यामुळे एक उपाशी आणि दुसरी अजीर्णाने बेजार अशी अवस्था येऊन दोन्ही लवकर मरतात. आम्ही दोन जोड्या बदलल्या होत्या आणि दोष बॅटरीच्या कंपनीला देत होतो. कार्यशाळेने २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवला, गाण्यांची पेटी परत केली, आणि संपूर्ण वायरिंग नव्याने घातले. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची नळी असून तोच क्रमांक हाताने काढलेल्या नकाशात आहे. नकाशाची प्लास्टिकमध्ये बंद केलेली प्रत डाव्या दरवाजाच्या खिशात ठेवली आहे. पावसाळ्यात एकदा मागचा दिवा बंद पडला तेव्हा या नकाशावरून मी, म्हणजे आयुष्यभर बँकेत काम केलेल्या माणसाने, बिघाड शोधून काढला.

गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, उघडलेच नाहीत. तेल काढून चुंबकाच्या टोपणावरचा चुरा तपासला, दात तुटलेले नाहीत एवढी खात्री केली आणि नवे तेल भरले. तेल कोणते, यावर मात्र हवालदारसाहेब फार काटेकोर आहेत. बाजारात जीएल-५ दर्जाचे तेल ‘भारी’ म्हणून गळ्यात मारले जाते, पण त्यातील गंधकयुक्त द्रव्ये जुन्या गिअरबॉक्समधील पितळी आणि कांस्य भागांना खाऊ शकतात. म्हणून गिअरबॉक्समध्ये जीएल-४ च, असा त्यांचा दंडक. दुसरा दंडक पुढच्या ॲक्सलचा. डांबरी रस्त्यावर चारही चाकांची जोडणी लावून गाडी चालवायची नाही, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, मातीत ती थोडी घसरून हिशेब पुरा करतात, डांबरावर घसरता येत नाही म्हणून सगळा पीळ शाफ्टांवर आणि दातांवर येतो. आमच्यातील एका मित्राने येऊरच्या रस्त्यावर हौसेने तसे केल्याचे कळल्यावर त्याला जे ऐकून घ्यावे लागले ते येथे देत नाही.

त्याच मित्राच्या मालकीची एक निस्सान एक-टन गाडीही तेथे गेली, म्हणून पेट्रोल गाड्यांविषयीचा अनुभव जोडतो. ही गाडीसुद्धा जबलपूरचीच, निस्सानच्या परवान्याखाली बनलेली, ३९५६ सीसीचे सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन असलेली. जोंगा जीपमधलेही तेच. आज या गाड्यांचा मोठा शत्रू म्हणजे पंपावर मिळणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि खाडीकाठच्या आपल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते, टाकी आतून गंजते, शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो किंवा चिरतो. कार्यशाळेने नळ्या व्हायटॉन या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या, पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा बसवला, कार्ब्युरेटरमधील बुचाचे पॅकिंग बदलले, आणि उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा म्हणजे आत ओली हवा राहणार नाही, असे सांगितले. ब्रेकचे साधे तेलही असेच पाणी पिते, म्हणून ते आपल्याकडे दरवर्षी बदलावे हा त्यांचा सल्ला. जांभळे सिलिकॉन तेल पाणी शोषत नाही, पण ते साध्या तेलात मिसळता येत नाही, आणि आधीचे तेल पूर्ण धुऊन काढल्याशिवाय ते भरायला त्यांनी नकार दिला.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार रंगाची आहे, आणि ती पैशांनी भरून येणारी नाही. डाव्या दरवाजावर कंत्राटदाराच्या पिवळ्या रंगाखाली सैन्यातील मूळ हिरवा रंग शाबूत होता, आणि उन्हात तिरके उभे राहून पाहिले की त्यावर स्टेन्सिलने मारलेल्या क्रमांकाची छाया दिसे: वर तोंड केलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर. असा क्रमांक नागरी गाडीवर लावून फिरता येत नाही हे आम्हाला माहीत आहे. परंतु दरवाजाच्या आतल्या बाजूला तेवढा वीतभर तुकडा न घासता, वर पारदर्शक थर देऊन राखावा, अशी आमची लेखी विनंती होती. मी त्या भागाभोवती खडूने चौकटही आखली होती. रंगाचे काम कार्यशाळा स्वतः करत नाही, बाहेरची टोळी येते. मी बारा दिवसांनी गेलो तेव्हा दरवाजा चकचकीत उघडा पत्रा झाला होता आणि घासणारा मुलगा निष्ठेने दुसऱ्या दरवाजाकडे वळला होता. माझ्या फोनमधील दोन फोटो एवढेच आता उरले आहे. मालकांनी माफी मागितली, रंगाच्या मजुरीतून रक्कम वळती करण्याची तयारी दाखवली. मी ती घेतली नाही, कारण घेतली असती तर विषय मिटला असे झाले असते. इंजिनात एक सूतही विनाकारण न काढणाऱ्या लोकांनी बाहेरच्या टोळीला उभे राहून समजावले नाही, हे मला अजूनही उमगत नाही. वर रंगाची छटाही चुकली. मंद, उन्हात न चमकणारा ऑलिव्ह हिरवा ठरला होता. लावला तो झळाळणारा, एखाद्या नव्या ट्रॅक्टरला शोभावा असा.

दुसरी तक्रार वेळेची. चार महिन्यांचा वायदा अकरा महिन्यांवर गेला. त्यातील सात आठवडे नोझलांचे, ते समजण्यासारखे आहे. बाकीचा काळ गाडी केवळ एखाद्या क्रेनला जागा द्यायची म्हणून कोपऱ्यात ढकलली जात होती. फोन केला की ‘पुढचा आठवडा’ हे उत्तर ठरलेले. स्वतः जाऊन दोन तास बसले की काम हलते, असा माझा अनुभव आहे, आणि म्हणून ठाण्याहून मी जवळजवळ दर शनिवारी गेलो.

खर्च एकूण तीन लाख शहाऐंशी हजार रुपये झाला. त्यात मजुरी एक लाख चाळीस हजार, पंप आणि नोझले बासष्ट हजार, इंजिनाचे बाकीचे सामान अठ्ठावन्न हजार, विद्युत काम एक्केचाळीस हजार, चाकांचे काम अठरा हजार आणि रंग सदुसष्ट हजार. अंदाज साडेतीन लाखांचा होता. बिलाला जोडलेल्या यादीत प्रत्येक भाग वेगळा दाखवला होता आणि काढलेले सगळे जुने भाग चिठ्ठ्या बांधून गोणपाटात परत मिळाले. ती चार छिद्रांची सहा नोझलेसुद्धा एका बिस्किटांच्या डब्यात होती. हा व्यवहार मला सरळ वाटला.

कागदपत्रांचे काम ही मंडळी करत नाहीत, आणि ते काम पुष्कळ असते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली, पण ती दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरती आहे. मालवाहू ट्रक तिच्यात बसत नाही, आणि आमचा तर पन्नाशीलाही आलेला नाही. तो मालवाहू म्हणूनच नोंदलेला असल्याने दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीपूर्वी दिवे, रिफ्लेक्टर, ब्रेक आणि धूर यांची चाचणी कार्यशाळा करून देते. यंदा गाडी पहिल्याच फेरीत पास झाली. लष्करी गाडी घेणाऱ्यांनी लिलावाचा मूळ सुटका-आदेश पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, चेसिस क्रमांक त्याच्याशी स्वतः पडताळावा, एवढे मात्र सांगून ठेवतो.

गाडी ताब्यात देण्याआधी हवालदारसाहेबांनी ती महापे ते शिळफाटा या चढावर नेली. ठाण्यात अवजड वाहनांना ठरावीक वेळांत बंदी असल्याने आम्ही पहाटे पाचला निघालो. गाडीत डबल क्लच मारूनच, म्हणजे प्रत्येक वेळी क्लच दोनदा दाबूनच, गिअर बदलावा लागतो. ते त्यांनी मला तीनदा करून दाखवले, चौथ्यांदा माझ्याकडून करवून घेतले, आणि गिअर कुरकुरला तेव्हा काही न बोलता फक्त माझ्याकडे पाहिले. चढाच्या माथ्यावर त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरून प्रत्येक चाकाच्या मध्यभागी हाताचा तळवा ठेवला, कोणते चाक बाकीच्यांपेक्षा गरम आहे ते पाहिले. पुढचे उजवे किंचित गरम होते. परत आल्यावर तेवढे एक बेअरिंग पुन्हा जुळवले गेले.

सोबत त्यांनी देखभालीचा एक कागद लिहून दिला आहे. पंधरा दिवसांतून एकदा इंजिन अर्धा तास, पूर्ण तापेपर्यंत चालवायचे. पाच मिनिटे चालवून बंद करायचे नाही, कारण तेवढ्यात आत पाणी साचते आणि वाळत नाही. डिझेल फिल्टरखालचे पाणी दर महिन्याला सोडायचे. गाडी धुतली की त्याच दिवशी सगळ्या ग्रीस निपलांना ग्रीस द्यायचे, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर ढकलले जाते. पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद घालायचा नाही. कॅनव्हासची ताडपत्री, तीही पत्र्याला न टेकता, खालून वारा फिरेल अशी. हौद्याच्या लाकडी फळ्यांना पावसाळ्याआधी आणि नंतर जवसाचे तेल. कमानपाट्यांवर ओझे राहू नये म्हणून लांब उभी ठेवताना चेसिस ठोकळ्यांवर घ्यायची. शीळ रस्त्यावरच्या आमच्या शेडमध्ये जून ते सप्टेंबर आम्ही हे सारे पाळले, आणि गंजाचा नवा ठिपका फक्त बॅटरीच्या खोक्याखाली सापडला.

एक दोष मात्र अजून शिल्लक आहे. पुढच्या उजव्या चाकाच्या आतील तेलाचे सील झिरपते. मे महिन्यात ‘नवे आहे, बसायला वेळ लागेल’ असे सांगितले गेले. ऑगस्टमध्ये हवालदारसाहेबांनी स्वतः येऊन पाहिले आणि ते सील आपल्या हातूनच किंचित तिरके बसले असल्याचे मान्य केले. त्यांनी चाकाखाली पुठ्ठा अंथरायला आणि डागांवर तारीख टाकायला सांगितले आहे. गेल्या वीस दिवसांत दोन रुपयांच्या नाण्याएवढे तीन डाग पडले. सील जबलपूरहून आले आहे, गाडी फेब्रुवारीत पुन्हा रबाळ्याला जाईल, आणि तेव्हा डाव्या दरवाजाची झळाळी उतरवून घेण्याचे कामही, या वेळी मी समोर खुर्ची टाकून बसलेला असताना, व्हायचे आहे.